तेरा-शून्य-पंचेचाळीस

दर्यापुराच्या नावात दर्या आहे,
तेवढाच.
बाकी सगळं खारपाण. बोअरच्या पाण्यानं चहा नासतो,
मे महिन्यात जमिनीवर मीठ फुलतं,
आणि ते मीठ समुद्राचं नव्हे,
हे मला पहिला मासा मेल्यावर कळलं.

तेव्हापासून आरओचं पाणी,
पुण्याहून मागवलेलं मीठ,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
ड्रममध्ये रात्रभर घुसळलेलं.
दुकानाच्या मागच्या खोलीत
सरकीच्या खोक्यांना टेकून उभा
साडेतीन फुटांचा समुद्र.
लाईन गेली की इन्व्हर्टरवर फक्त लाटा चालतात,
आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो.

वच्छला म्हणते,
'लोकं खारं पानी गोड करतेत,
अन् तुमी गोड केलेलं पुन्हा खारं करता.
काहून?'

याला उत्तर नाही.

दिवसभर मी नत्र विकतो, स्फुरद विकतो,
पोत्यानं.
रात्री शटर ओढलं
की तेच नत्र, तेच स्फुरद
पाण्यातून काढत बसतो
थेंबाथेंबानं.
माशाला टाकलेला एकेक दाणा
कुजतो, विरघळतो, नायट्रेट होतो.
फेस काढणारं यंत्र गुरगुरतं;
त्याच्या पेल्यातलं काळपट पाणी
मी घरापासून लांब नेऊन ओततो.
मग काचेच्या बोटभर नळीत भुकटी टाकायची,
हलवायची, दहा मिनिटं थांबायचं.
गुलाबी म्हणजे नत्र. निळं म्हणजे स्फुरद.

मार्चात वीस होतं.
मग दहा, मग पाच,
मग मला चटक लागली.
खाणं अर्धं केलं, पाणी दुप्पट बदललं,
आणि एका रात्री नळीत रंगच आला नाही.
शून्य.
गणितात मिळालेल्या शून्याचा
हिशेब चुकता झाला असं वाटलं.

आठवडाभरात पोवळं फिकं पडलं.
आधी कडेनं, मग देठापर्यंत,
जसा कापड धुऊन धुऊन विटतो तसं.
वाळूवर तपकिरी शेंबूड,
त्यात अडकलेले बुडबुडे.
इतक्या स्वच्छ पाण्यात ही घाण
कशावर जगते कोण जाणे.

वडिलांच्या अनामिकेत पोवळं होतं, मंगळासाठी.
त्याला कधी काही लागलं नाही.
हे जिवंत.
ह्याला तोंडं आहेत, शेकड्यानं,
आणि सगळी मिटलेली.

रुपराव गावंडे आला, हातात संत्र्याची फांदी.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
मी न पाहताच बोलत सुटलो,
'भुकेलं आहे झाड, रुपरावभाऊ.
नुसत्या पाण्यावर किती दिवस काढेल?'
आणि बोलता बोलता थांबलो.
तो म्हणाला, 'मंग द्या ना काही.
पाह्यता काय नुसते?'

त्या रात्री मी स्वतःच्याच दुकानातून
पाकीट फोडलं.
तेरा-शून्य-पंचेचाळीस,
जे लोक ठिबकमधून सोडतात किलोनं.
सोन्याच्या काट्यावर अर्धा ग्रॅम तोलला.
हात थरथरत होता;
जे चार महिने उपसलं
तेच परत ओतायचं,
आणि चुकलं तर सगळंच जाणार.
वच्छला दारात उभी होती.
तिनं आयुष्यात मीठ मोजलेलं नाही,
भाजीत टाकते आणि विसरते.
'टाका आता,' म्हणाली, 'पानी काय चावते?'

लगेच काही झालं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
शेंबूड तर वाढलाच थोडा.
स्फुरदाचा एक दाणा टाकला, मग पस्तावलो,
मग पुन्हा टाकला.

स्टॉक रजिस्टरात पुढून गावाची पोती,
मागून माझे आकडे.
मागचं शेवटचं पान असं आहे:

रविवार. नत्र दोन. तसंच.
सोमवार. तीन. लाईन नव्हती, बघता आलं नाही.
मंगळवार. चार.
कडेची तोंडं उघडी. सात मोजली,
मग दुकानात कोणीतरी हाक मारली.